भाद्रपदातलं परस

मराठीत निसर्गाविषयी बोलायचं म्हटलं की बोलणारा आधी जंगलात शिरतो. ताडोबा, मेळघाट, कोयनेचं खोरं, एखादं मचाण, एखादा पाणवठा. घराभोवतीच्या चार हात जमिनीकडे बघणं हा मग निवृत्तीनंतरचा विरंगुळा ठरतो. खरं निरीक्षण दूर कुठेतरी, दुर्बीण गळ्यात अडकवून करायचं असतं अशी समजूत होते. इतिहास तपासला तर क्रम उलटा दिसतो. पश्चिम भारतात किडामुंगी, पाखरू, पान-फूल यांच्याकडे बारकाईने आणि आवडीने बघण्याची सवय अरण्यात लागली नाही. ती परसात लागली, आणि तीही पावसाळ्याच्या उत्तरार्धात, श्रावण ते आश्विन या तीन महिन्यांत. ही सवय निवांतपणातून आली असंही समजू नये. कोणाला देवापुढे ठेवायला पानं हवी होती, कोणाला औषधासाठी मुळी, कोणाला संग्रहासाठी फुलपाखरू. आधी काम होतं. कामाने नजर घडवली, आणि नजर घडल्यावर बघण्यात गोडी वाटू लागली. बागेचा आनंद हा रिकामटेकड्यांचा शौक मानणाऱ्यांनी आणि तो साहेबाने शिकवला असं मानणाऱ्यांनीही हा क्रम एकदा तपासून बघावा.

सुरुवात ऋतूपासून करायला हवी, कारण या गोष्टीत ऋतू केवळ पार्श्वभूमीला नाही. युरोपातल्या बागेला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उतार लागलेला असतो. उन्हाळा सरत आलेला असतो आणि झाडं बियांच्या मागे लागलेली असतात. आपल्याकडे तेच महिने भराचे. चैत्र-वैशाखात परस उघडंबोडकं असतं; आंबा, फणस आणि विहिरीच्या पाण्यावर जगवलेली चार रोपं सोडली तर जमिनीलगत फारसं काही उरत नाही. मृगाच्या पावसाने बी रुजतं, आषाढात पानांचा भर येतो, आणि कोवळं पान आलं की ते खाणारी अळी येते. अळीमागोमाग तिच्यावर टपलेल्या गांधीलमाश्या आणि पाखरं येतात. श्रावणात पाऊस सलग न राहता सरींचा होतो, मध्येच ऊन पडतं, आणि थंड रक्ताच्या कीटकांना उडायला लागणारी ऊब मिळते. भाद्रपदापर्यंत जूनमधले कोळी पूर्ण वाढीला येऊन हातभर जाळी विणू लागलेले असतात, शिंपी पक्ष्याने रुंद पानं शिवून केलेल्या घरट्यातली पिल्लं उडालेली असतात, सुगरणीचे खोपे लोंबत असतात, आणि उघड्या जागेवर चतुरांचे थवे घिरट्या घालत असतात. उत्तरा आणि हस्त ही नक्षत्रं ओलांडली की गवत पिवळं पडायला लागतं आणि ही गर्दी विरळ होते. थोडक्यात, घराजवळ सर्वांत जास्त जीव सर्वांत कमी जागेत सापडण्याचा काळ वर्षातून एकदाच येतो, आणि त्याच काळात पावसामुळे माणूस घराजवळ अडकलेला असतो. या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात, आणि पुढच्या इतिहासाचं मूळ मला त्यात दिसतं.

मराठी घरांतल्या व्रतांचं वेळापत्रक याच काळावर बसवलेलं आहे. श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर, भाद्रपदात हरतालिका, लगोलग गणेश चतुर्थी, मग गौरी, आश्विनात हादगा किंवा भोंडला. या प्रत्येकात वनस्पती लागते, आणि ‘काहीतरी हिरवं’ चालत नाही. ठरलेली वनस्पती लागते. मंगळागौरीला सोळा प्रकारची पत्री सांगितलेली आहे, गणपतीला एकवीस. गणपतीच्या यादीत बेल, तुळस, दूर्वा, शमी, पिंपळ, अर्जुन ही मानाची नावं आहेतच. पण त्यांच्या शेजारी माका, आघाडा, धोतरा, रुई, डोरली, विष्णुक्रांता अशी कुंपणालगत आणि उकिरड्याच्या कडेला उगवणारी, कोणी मुद्दाम न लावलेली रोपटीही आहेत. कोकणात कित्येक घरी गौर तेरड्याची असते, आणि तेरडा त्याच पंधरवड्यात फुलावर असतो. गोव्यात गणपतीवर माटोळी बांधतात, सिंधुदुर्गात तिलाच माटवी म्हणतात. लाकडी चौकटीला सुपारीचे घड, नारळ, आंबाडे, तोरिंगण यांच्या बरोबरीने कवंडळासारखी रानवेलीवरची तांबडी फळंही टांगली जातात. त्या मोसमात परसात आणि परसापलीकडच्या रानात काय काय पिकलं याची ती टांगलेली यादीच असते. गोव्याच्या कला आणि संस्कृती संचालनालयातर्फे माटोळीच्या सजावटीची स्पर्धा होते, आणि तिच्यात जिन्नस किती प्रकारचे जमवले याला महत्त्व असतं.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो. ही पूजा आहे, निरीक्षण नव्हे. आजीने सांगितलं ते पान तोडलं, मंत्र म्हटला, पान वाहिलं, यात बघण्याचा संबंध काय? आक्षेप अर्धा खरा आहे. रूढी पाळताना माणूस डोकं बाजूला ठेवू शकतो, आणि पुष्कळ जण ठेवतात. परंतु यादी पाळण्यासाठी आधी वनस्पती ओळखावी लागते, आणि ओळखणं हे डोक्याचंच काम आहे. आघाडा आणि त्याच्याशेजारी वाढलेलं दुसरं तण फुलोरा येण्याआधी वेगळं काढायचं, तर पानांची मांडणी, देठाचा रंग, पानामागची लव बघावी लागते. दूर्वा म्हणून कुठलंही गवत खुडून चालत नाही. शिवाय पान तोडायला गेलेला हात एकट्या पानापर्यंत पोचत नाही. त्या पानावर जे बसलेलं असतं तेही दिसतं. एकवीस पत्रींच्या यादीतल्या किमान सहा वनस्पती आपल्याकडच्या ओळखीच्या फुलपाखरांच्या किंवा पतंगांच्या अळ्यांचं खाद्य आहेत. रुईवर प्लेन टायगरची काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी असते, कण्हेरीवर कॉमन क्रोची. बेलावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन अंडी घालतात, बोरीवर कॉमन पियरो. डाळिंबाच्या फळात शिरणारी अळी हीसुद्धा एका फुलपाखराचीच असते, आणि अर्जुनावर टसर रेशमाचा पतंग वाढतो. भाद्रपदात रुईचं पान तोडणाऱ्या बाईने ती पट्टेदार अळी पाहिलेली नाही, हे शक्यच नाही.

पाहिली हे खरं. तिचं पुढे काय होतं हे मात्र व्रताने विचारलं नाही. इथे परंपरेची बाजू घेणाऱ्यांनीही थांबायला हवं. पत्रीच्या चालीने वनस्पती ओळखणारी नजर घराघरांत टिकवली, पण तिने प्रश्न विचारणारी नजर घडवली असं म्हणण्याला आधार नाही. रुईवरची अळी झाडाचं विष अंगात साठवते, त्यामुळे तिच्यापासून होणारं केशरी फुलपाखरू पक्ष्यांना नकोसं होतं, आणि डॅनाइड एगफ्लाय या निरुपद्रवी फुलपाखराची मादी हुबेहूब त्याच रंगांत वावरून स्वतःचा जीव वाचवते. ही साखळी उलगडायला अळी घरी आणून, तिला रोज ताजं पान घालून, कोशातून काय निघतं याची नोंद ठेवणारं माणूस लागतं. एका कामाने नजर एका मर्यादेपर्यंत येते. पुढे जायला दुसरं काम लागतं.

ते दुसरं काम राजेरजवाड्यांच्या बागांतून येईल अशी अपेक्षा कोणी करेल. बागेचा इतिहास म्हटलं की आपण तिकडेच वळतो. पेशव्यांनी पुण्यात हिराबाग, सारसबाग उभारल्या, आमराया लावल्या. त्याही आधी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात रयतेने लेकरांसारखी वाढवलेली आंब्या-फणसाची झाडं जबरदस्तीने तोडू नयेत अशी ताकीद आहे, आणि ती आपण अभिमानाने सांगतो. झाडाविषयीची आस्था इथे निःसंशय आहे. पण बादशाही आणि पेशवाई बागेचा हेतू सावली, पाणी, फळ आणि दिमाख हा होता. तिथे आलेला पाहुणा कारंजं बघत असे. पानामागची अळी दिसली तर माळ्याच्या कामात कसूर झाली असा अर्थ होई. सुंदर बाग आणि जीवांनी भरलेली बाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीतून दुसरी आपोआप निघत नाही.

इंग्रजी अमलातही सुरुवात वनस्पतींपासूनच झाली. १८३० मध्ये मुंबईत अॅग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया स्थापन झाली. शिवडीला तिची बाग होती. १८३९ मध्ये टपाल खात्यातले अधिकारी जॉन ग्रॅहम यांनी मुंबई आणि परिसरातल्या वनस्पतींची सूची तयार केली. तिची छपाई पुरी होण्याआधीच ते वारले. भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली, आणि १८७२ मध्ये तिच्याच आवारात व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय, म्हणजे आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, सुरू झालं. या सगळ्या उद्योगाचा रोख उपयुक्त आणि शोभिवंत झाडांवर होता: कापूस कुठला चांगला, कुठली परदेशी झाडं इथे रुजतील, कुठल्या मुळीचं औषध होतं. बागेत राहणारे प्राणी हा त्या विचारातला उपद्रवाचा विभाग होता. वाळवी, उंदीर, कावळे, डास यांचा बंदोबस्त करायचा असतो, त्यांच्याकडे बघायचं नसतं.

उपद्रव मोजता मोजता त्याचंच कौतुक वाटू लागलेला माणूस म्हणजे एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. जन्म १८५१ मध्ये साताऱ्याचा, वडील स्कॉटिश मिशनरी, शिक्षण मुंबई-पुण्यात. काही वर्षं डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवून १८७६ मध्ये ते कस्टम्स आणि मीठ खात्यात गेले. ‘ईएचए’ या आद्याक्षरांनी लिहिलेलं त्यांचं ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हे पुस्तक १८८३ मध्ये निघालं. पुस्तकाची कल्पनाच चेष्टेची आहे. घर हे राज्य, आणि सरहद्दीवरच्या टोळ्या म्हणजे उंदीर, पाली, मुंग्या, कावळे, वटवाघळं, कोळी, बेडूक, बागेतले पक्षी. त्यांच्याशी ‘परराष्ट्र धोरण’ कसं ठेवावं याची चर्चा. बोली युद्धाची, पण पान उलटत जावं तसा शत्रूविषयीचा जिव्हाळा वाढत जातो. मुंगी कुठून आली, काय घेऊन गेली, पाल दिव्याजवळ कुठली जागा धरते, हे सांगायला तासन्‌तास त्यांच्याकडे बघत राहिलेला माणूसच लागतो. आणि पुस्तकाचा परीघ बंगला आणि कंपाउंड ओलांडून फार लांब जात नाही. याचं एक कारण एटकिन यांचा स्वभाव असेल. दुसरं कारण त्यांच्या खात्यात आहे असं मला वाटतं. मिठाचा हंगाम कोरड्या दिवसांचा. पाऊस आला की मिठागरं पाण्याखाली जातात आणि काम थंडावतं. इतर अधिकाऱ्यांचंही तसंच होतं. कलेक्टरापासून जंगल अधिकाऱ्यापर्यंत सगळे हिवाळ्यात तंबू घेऊन दौऱ्यावर, आणि पावसाळ्यात मुख्यालयी. नद्या उतरता येत नाहीत, रस्ते चिखलात, शिकार बंद. समोर उरतं ते अंगण.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी, भाद्रपदाचा शुक्ल पक्ष सरत आला असताना, राणीच्या बागेतल्या त्या संग्रहालयात आठ माणसं जमली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. उद्देश साधा होता: महिन्यातून एकदा भेटावं, पाहिलेलं एकमेकांना सांगावं, मिळालेले नमुने दाखवावेत. आठांपैकी चार डॉक्टर होते, आणि त्या चारांतले दोन मराठी: प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक डॉ. आत्माराम पांडुरंग, आणि डॉ. सखाराम अर्जुन. कर्नल चार्ल्स स्विन्हो फौजेतले, पण लक्ष पतंगांवर. एटकिन सोसायटीचे पहिले चिटणीस झाले, आणि जानेवारी १८८६ मध्ये नियतकालिक निघालं तेव्हा स्टर्नडेल या सहकाऱ्यासोबत त्याचे संपादकही. सभेची तारीख भाद्रपदात आली हा योगायोग असू शकेल. एका तारखेवर मी सिद्धांत उभा करणार नाही. पण जमलेली माणसं कोण होती हे योगायोगाने ठरलेलं नाही. त्या काळी डॉक्टरला वनस्पतिशास्त्र शिकावंच लागे, कारण औषधं झाडपाल्याची होती. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत, आणि १८७९ मध्ये मुंबईतल्या औषधी द्रव्यांवर त्यांचं पुस्तक निघालं. धोतरा, रुई, माका, आघाडा ही पत्रीतली नावं वैद्याच्या आणि औषधी झाडपाला विकणाऱ्या गांध्याच्या दुकानातही होतीच. देवघर, वैद्याचा बटवा आणि सोसायटीची सभा या तीन जागी एकच झाड पोचत होतं, आणि सखाराम अर्जुनांसारखा माणूस त्या तिन्हींची भाषा जाणत होता.

म्हणून पत्रीतूनच ही सोसायटी निघाली असं म्हणायचं का? नाही, तसं म्हणणं भाबडेपणाचं होईल. आत्माराम पांडुरंग मूर्तिपूजा बाजूला ठेवणाऱ्या सुधारक पंथाचे होते, आणि साताऱ्यात वाढलेल्या एटकिन यांच्या घरी पत्री वाहिली जात नव्हती. एका प्रवाहातून दुसरा निघाला असा माझा दावा नाही. दोन्ही प्रवाह एकाच जमिनीतून आणि एकाच कारणाने फुटले, इतकंच मी म्हणतो. पावसाने दोन्हीकडच्या माणसांना घराजवळ ठेवलं, भोवताल जीवांनी भरून टाकला, आणि दोघांच्याही हाती एकेक यादी होती. एकाची यादी देवाची, दुसऱ्याची संग्रहाची.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सोसायटीचा इतिहास शिकारीचा इतिहास आहे, असं अनेकदा सांगितलं जातं. नियतकालिकाच्या जुन्या अंकांत वाघ, गवा, रानडुक्कर यांच्या शिकारीचे लेख भरपूर आहेत. सभासदांत बंदूकवाले पुष्कळ होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सस्तन प्राण्यांचं जे मोठं सर्वेक्षण झालं तेही नमुने मारूनच झालं. मग अंगणाचं कौतुक कशाला? उत्तर असं की शिकारीने संस्थेला वर्गणीदार आणि पैसा दिला, पण पद्धत दिली नाही. शिकारी प्राण्याला क्षणभर पाहतो, आणि ते पाहणं प्राण्याच्या मरणात संपतं. एकाच जिवाकडे अंड्यापासून शेवटापर्यंत, दिवसामागून दिवस बघण्याची पद्धत घराशेजारीच शक्य होती. याचा सर्वांत भक्कम पुरावा कारवारचा आहे. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या उत्तर कानडा जिल्ह्यात एटकिन, मुलकी सेवेतले डेव्हिडसन आणि जंगल खात्यातले बेल या तिघांनी फुलपाखरांच्या अळ्या घरी वाढवायला घेतल्या. १८९० मध्ये एटकिन आणि डेव्हिडसन यांच्या अळ्या-कोशांवरच्या नोंदी आल्या, आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात तिघांचा उत्तर कानड्यातल्या फुलपाखरांवरचा दीर्घ लेख क्रमशः छापून आला. जाळं घेऊन फुलपाखरं पकडणारे त्याआधीही होते. या तिघांनी कुठली मादी कुठल्या झाडाच्या पानावर अंडं घालते, अळी दिसते कशी, राहते कशी, कोश कुठे बांधते, हे लिहून ठेवलं. पुढे बेल यांनी मैदानी प्रदेशातल्या नेहमीच्या फुलपाखरांवर त्याच नियतकालिकात वर्षानुवर्षं लेखमाला चालवली. या कामाला बंदूक लागत नाही. रोज ताजं पान लागतं, आणि ते पान नेमकं त्याच झाडाचं असावं लागतं. पत्री वेचणाऱ्या मुलीला यायला हवी ती विद्या इथेही पहिली पायरी होती: झाड पानावरून ओळखता येणं.

दुसरा पुरावा अलिबागजवळच्या किहीमचा. १९३० मध्ये पक्षी-अभ्यासक सालिम अली बर्लिनहून शिकून परतले होते, आणि हातात नोकरी नव्हती. पत्नी तेहमिना यांच्या कुटुंबाचं किहीमला घर होतं. पावसाळ्यात दोघं तिथे राहिली. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. शिडीवर आडोसा करून सालिम अलींनी खोप्यांवर दिवसच्या दिवस नजर ठेवली, आणि १९३१ मध्ये त्याचा निष्कर्ष नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नर खोपा अर्धा विणतो. माद्या येऊन त्या अर्धवट खोप्यांची पाहणी करतात. एखादीला तो पसंत पडला की ती त्याचा ताबा घेते. मग नर तो पुरा करतो आणि शेजारी दुसरा विणायला घेऊन दुसऱ्या मादीची वाट बघतो. खोपा म्हणजे मादीचं कसब, ही आपल्याकडची जुनी समजूत. खेड्यापाड्यांतल्या लोकांनी ते खोपे पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, त्यांच्यावर गाणी रचली, तरी ही समजूत तशीच राहिली. परंपरेच्या नजरेची मर्यादा यातून स्पष्ट दिसते, आणि नोंदवहीचं मोलही. पण हा शोध हिमालयात लागला नाही, हेही तितकंच स्पष्ट आहे. सहलीला आलेल्याने तो लावला असता असंही वाटत नाही, कारण त्यासाठी एकाच झाडासमोर आठवडेच्या आठवडे बसावं लागलं. पावसाळ्यातलं घर आणि हाताला लागलेलं काम, हीच जुनी जोडी इथेही आहे.

तिसरा आक्षेप न्यायाचा आहे, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. कंपाउंड असणारा बंगला किती जणांचा होता? परस तरी किती जणांचं? एटकिन यांनी घरच्या नोकरचाकरांवर ‘बिहाइंड द बंगलो’ हे पुस्तक लिहिलं, तेही थट्टेच्या सुरात. अळीचं झाड दाखवणारा, घरटं शोधून आणणारा माणूस बहुधा त्यांच्यातलाच असणार, पण लेखाखाली सही साहेबाची. पत्रीची ओळख पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या बायकांची तर नोंदच कोणी ठेवली नाही. आणि ज्यांच्या वाट्याला शेतातलं तण काढणं आलं त्यांना आघाडा-माका या वनस्पती पूजेच्या आधी मजुरीमुळे माहीत होत्या. हे सगळं मान्य करूनही माझं म्हणणं ढळत नाही. उलट पक्कं होतं. बघण्याची विद्या जर फुरसतीतून येत असती तर ती बंगल्याच्या व्हरांड्यात सर्वांत जास्त असती. ती जास्त होती तण काढणारीकडे, वैद्यासाठी मुळ्या आणणाऱ्याकडे, पत्री वेचणारीकडे. व्हरांड्यातल्या माणसाने लिहून ठेवलं म्हणून इतिहासात तो दिसतो. नोंद आणि ओळख या दोन विद्या वेगवेगळ्या हातांत राहिल्या, आणि त्या एकत्र यायला फार उशीर लागला. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६ मध्ये आलं. लोकसंस्कृतीचा अभ्यास आणि झाडापानांकडे बघणारी स्वतःची नजर या दोन्ही गोष्टी एकाच लेखणीत आल्यावर काय होऊ शकतं, ते या पुस्तकाने दाखवलं. असे दाखले मोजकेच राहिले, याचं कारण आनंद घेणाऱ्यांची कमतरता हे नव्हे. दोन्ही कामं करणारे कमी होते.

हा इतिहास आज ध्यानात घ्यायचा तो एवढ्यासाठी की दोन्ही कामं सध्या सुटत चालली आहेत. पत्री आता बाजारात जुडी बांधून मिळते. त्या जुडीत एकवीसच्या जागी हाताला लागलेला कसलाही पाला असला तरी घेणाऱ्याला कळत नाही, कारण ओळखण्याचं काम त्याने बाजारावर सोपवलं आहे. उपनगरातली झाडं ओरबाडून ती जुडी बांधली जाते, ही तक्रारही रास्त आहे. यादीतलं नाव उरलं आणि झाड गेलं, तर चाल पाळून साधलं काय? दुसरीकडे गृहनिर्माण सोसायट्यांची आणि नगरपालिकांची उद्यानं हिरवळ, क्रोटन आणि शोभेच्या पाम वृक्षांनी भरली आहेत. रुई, आघाडा, डोरली दिसली की तण म्हणून उपटली जाते, आणि मग फुलपाखरं का येत नाहीत असं विचारलं जातं. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केलं. त्याची अळी लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढते. घोषणेने फुलपाखरू वाढत नाही, लिंबाचं झाड लावून आणि त्याची चार पानं कुरतडलेली सोसून वाढतं.

उलट दिशेच्या खुणाही आहेत. २०२० पासून देशभरातले फुलपाखरूप्रेमी सप्टेंबर महिना ‘बिग बटरफ्लाय मंथ’ म्हणून पाळतात आणि दिसलेल्या फुलपाखरांच्या नोंदी एकत्र करतात. महिना निवडताना त्यांनी पंचांग बघितलं नसेल. पण निवड जिथे पोचली तिथे मंगळागौर-हरतालिकेच्या व्रतकर्त्यांची आधीच पोचली होती, कारण दोघांनाही ऋतूनेच तिकडे नेलं. याचा व्यावहारिक निष्कर्ष अवघड नाही. शाळेच्या किंवा सोसायटीच्या आवारात बाग करायची असेल तर एकवीस पत्रींची जुनी यादी हाताशी घ्यावी आणि तिच्यातलं जे जे त्या जमिनीत येईल ते लावावं. श्रद्धा असणाऱ्याला पूजेची पानं मिळतील, नसणाऱ्याला अळ्या मिळतील. मग मुलांना ‘निसर्गाचा आनंद घ्या’ असं सांगू नये. त्याने कोणालाच काही दिसत नाही. त्यांना काम द्यावं: रुईवर आज किती अळ्या आहेत, कालची कुठे गेली, कोश कितव्या दिवशी फुटला, हे श्रावणापासून आश्विनापर्यंत एका वहीत लिहायचं. पश्चिम भारतात ज्यांना ज्यांना परसाचं वेड लागलं ते असल्याच एखाद्या कामाने लागलं, आणि आनंदाची वेगळी व्यवस्था त्यांच्यापैकी कोणालाच करावी लागली नाही.